जुन्या मोटारसायकलीचे ऑइल : वाघोलीतील नवशिक्यांसाठी

जुन्या मोटारसायकलीला ऑइल तीन ठिकाणी लागते: इंजिनात, चेनवर आणि पुढच्या शॉकअपमध्ये. यांपैकी इंजिनातले ऑइल सर्वांत महत्त्वाचे, आणि सर्वांत कमी पाहिले जाते तेही तेच. टाकीत पेट्रोल किती उरले हे मालक गाडी हलवून, टाकीला कान लावून ऐकतो. आरशाला तडा गेला तर आठवडाभर हळहळतो. इंजिनातले ऑइल मात्र गाडी बंद पडेपर्यंत त्याच्या गावी नसते. पेट्रोल संपत आले की गाडी आचके देते, कॉक रिझर्व्हला फिरवता येतो. ऑइलला रिझर्व्ह नाही, आणि बहुतेक जुन्या गाड्यांना ऑइल कमी झाल्याचा दिवाही नाही. ते संपत आल्याची पहिली ठळक सूचना म्हणजे सीझ झालेले इंजिन.

या विवेचनापुरती जुनी मोटारसायकल म्हणजे जिने किमान दोन मालक पाहिले आहेत आणि जिच्यासोबतची मालकपुस्तिका पहिल्या मालकाच्या घरीच राहिली आहे अशी गाडी. वाघोलीत अशा गाड्यांचा तुटवडा नाही. मराठवाड्यातून आणि नगरकडून पुण्यात येणारा माणूस नगर रस्त्याने येतो, आणि पुण्याचे घरभाडे ऐकून बऱ्याचदा वाघोलीतच थांबतो. त्यामुळे इथल्या पार्किंगमध्ये एमएच 12 च्या बरोबरीने एमएच 16, 20, 23 आणि 24 या पाट्या सुखाने नांदतात. यात 1994 साली आलेल्या स्प्लेंडरचा वंशविस्तार मोठा. त्याखालोखाल पुण्याच्याच बजाज ऑटोने 2001 साली बाजारात आणलेली पल्सर. इंजिनीअरिंग कॉलेजांच्या परिसरात शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली की गाडी ज्युनिअरकडे जाते. तिच्यासोबत एक हेल्मेट, एक फाटके सीटकव्हर आणि पीयूसी काढून घेण्याचा सल्लाही जातो. ऑइलविषयी काहीही जात नाही.

नवशिका म्हणजे ज्याने गाडी घेताना टायरला लाथ मारून पाहिली, हॉर्न वाजवला आणि जाणत्यासारखी मान हलवली तो.

अशा नवशिक्याला विकणारा एक वाक्य हमखास ऐकवतो: "ऑइल कालच बदललंय, फक्त पेट्रोल टाका आणि पळवा." हे वाक्य खरे असण्याची शक्यता नाकारता येत नाही. मात्र ते खरे असेल तर अधिक काळजी करावी. थकलेल्या इंजिनात मुद्दाम जाड ऑइल भरले की टॅपेटची टकटक दबते, धूर चार दिवस कमी दिसतो आणि ग्राहक समोर उभा असेपर्यंत गाडी शहाण्यासारखी वागते. म्हणून गाडी नावावर होवो न होवो, पहिल्या आठवड्यात जुने ऑइल पूर्ण काढून नवे भरावे. आत काय होते, कधीचे होते आणि कोणत्या हेतूने भरले होते, हे तिन्ही प्रश्न त्याने एकदम निकालात निघतात. खर्च साधारण एका कुटुंबाच्या मिसळीएवढा येतो.

इंजिन ऑइलचे काम म्हणजे घासणाऱ्या भागांमध्ये पातळ थर धरून ठेवणे, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. प्रत्यक्षात ते पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांतली फट बंद करते, जळणातून आलेली काजळी आणि झिजलेल्या धातूचा कीस स्वतःत धरून ठेवते आणि उष्णता वाहून नेते. या गाड्यांना रेडिएटर नाही. हवा आणि ऑइल यांच्यावरच सगळी भिस्त. शिवाय मोटारीत गिअरबॉक्सचे ऑइल वेगळे असते. मोटारसायकलीत तेच ऑइल इंजिन, गिअर आणि क्लच असे तिघांना सांभाळते. जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी शाळेतले गुरुजी पहिली ते चौथी शिकवून वर खिचडी आणि जनगणनाही पाहतात, तशातला हा प्रकार. हे सगळे करणारे ऑइल असते अवघे लिटरभर, किंवा त्याच्या थोडे अलीकडे-पलीकडे. मोटारीत ते तीन-चार लिटर असते. त्यामुळे मोटारीतले दोनशे मिली ऑइल घटले तर फारसे कोणाला कळत नाही, पण स्प्लेंडरमधले तेवढेच घटले म्हणजे पाचवा हिस्सा गेला.

ऑइल निवडताना डब्यावरचे आकडे वाचावेत, दुकानदाराचा चेहरा वाचू नये. 10डब्ल्यू30 आणि 20डब्ल्यू50 हे नेहमी भेटणारे दोन प्रकार. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो, तर नंतरचा आकडा 100 अंश सेल्सिअसला ते किती दाट राहते ते. स्प्लेंडरच्या घराण्याला कंपनी 10डब्ल्यू30 सांगते आणि जुन्या पल्सरला 20डब्ल्यू50. गाडी जुनी झाली म्हणून स्प्लेंडरमध्येही जाड ऑइल टाकावे, असे शास्त्र वाघोलीच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर शिकवले जाते. त्यात तथ्य एवढेच, की झिजलेले इंजिन जाड ऑइल जरा कमी पिते. मात्र सकाळी किक मारल्यानंतर ते वर हेडपर्यंत पोहोचायला वेळ लावते, आणि झीज सर्वांत जास्त होते ती नेमकी याच वेळी. धूर नसलेल्या इंजिनात कंपनीने सांगितलेलेच ऑइल टाकावे.

दुसरी खूण अधिक महत्त्वाची. डब्यावर जासो एमए किंवा एमए2 लिहिलेले असावे. जपानी वाहन उद्योगाने हे मानक 1998 साली आणले, ते मोटारसायकलींच्या क्लचसाठी. या गाड्यांचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. मोटारीच्या बऱ्याच ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. मोटारीला ती मानवतात, पण इथे क्लचच्या प्लेटा घसरू लागतात. इंजिन ओरडते, गाडी पुढे जात नाही. मामांच्या मोटारीच्या सर्व्हिसिंगमधून उरलेले महागडे सिंथेटिक ऑइल प्रेमाने देऊ केले गेल्यास मामांचे आभार मानावेत आणि ऑइल मामांच्याच मोटारीसाठी ठेवावे. एमबी लिहिलेले ऑइल गिअर नसलेल्या स्कूटरचे, त्यांचा क्लच कोरडा असतो. त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता पातळी तपासणे. ही क्रिया दोन मिनिटांची असून तिच्याविषयी दोनशे गैरसमज आहेत. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर उभी करावी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सपाट जागा एकच असते आणि तिथे चेअरमनसाहेबांची मोटार उभी असते. ती बाहेर जाण्याची वेळ साधावी. इंजिन तीन-चार मिनिटे चालवून बंद करावे आणि तितकाच वेळ थांबावे, म्हणजे वर चढलेले ऑइल खाली उतरते. स्प्लेंडरच्या उजव्या बाजूला, किकच्या आसपास, काळे प्लॅस्टिकचे झाकण असते. ते उलटे फिरवून काढले की त्याला लागून आलेली पट्टी हीच डिपस्टिक. ती स्वच्छ फडक्याने पुसावी. शर्टाच्या बाहीने पुसू नये. डाग जात नाही. पुसलेली पट्टी परत भोकात ठेवावी, पण आटे फिरवू नयेत, झाकण नुसते टेकवावे. पट्टी बाहेर काढून पाहिल्यावर टोकाकडे आडव्या रेघांची जाळी आणि तिच्या वरखाली दोन खुणा दिसतात. ऑइलचा ओला काठ या दोन खुणांच्या मध्ये, शक्यतो वरच्या अंगाला असावा.

साइड स्टँडवर पातळी पाहणे हा सार्वत्रिक प्रमाद आहे. गाडी डावीकडे कलते, पट्टी उजवीकडे असते, त्यामुळे ऑइल आहे त्यापेक्षा कमी दिसते. मालक घाबरून आणखी ओततो आणि ऑइल जास्त होते. झाकण पूर्ण आवळून पाहिले तर याच्या उलट घडते. पट्टी खोल जाते, ऑइल भरपूर दिसते आणि मालक निश्चिंत मनाने नगर रस्त्याला लागतो. पल्सरला ही कसरत नाही. उजवीकडे खाली एक गोल काच असते, तिच्यातून पातळी दिसते. मात्र काचेवरचा चिखल आधी पुसावा, नाहीतर ऑइल नेहमीच काळे आणि काठोकाठ दिसते.

तपासताना किमान दोन जण भोवती जमतात. वॉचमन म्हणतो ऑइल काळे पडले, बदला. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणतात, अजून चिकट आहे, चालेल. दोघांचेही ऐकू नये. ऑइल काळे पडते ते काजळी धरून ठेवते म्हणून, आणि त्यासाठीच ते भरलेले असते. हजारभर किलोमीटरनंतरही मधासारखे सोनेरी राहिलेले ऑइल कौतुकाचे नाही, संशयाचे आहे. घाबरावे असे रंग दुसरेच. चहासारखे दुधाळ ऑइल म्हणजे आत पाणी गेले. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यातून गाडी ढकलत नेल्यावर, किंवा वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा इंजिनावर रोखून धरल्यावर हे होते. असे ऑइल त्याच दिवशी काढावे. बोटावर चोळून उन्हात धरल्यावर चांदीसारखी बारीक चमक दिसली तर धातू झिजतो आहे. ऑइलला पेट्रोलचा वास आला आणि पातळी आपोआप वाढलेली दिसली तर कार्ब्युरेटर गळतो आहे. आपोआप वाढणाऱ्या गोष्टींचा आनंद होतो खरा, पण इथे तो करू नये.

ऑइल किती किलोमीटरनंतर बदलावे या प्रश्नाचे पुस्तिकेतले उत्तर काही हजारांत असते. पण ते उत्तर वाघोली पाहून दिलेले नाही. किलोमीटर हे गाडी किती चालली याचे माप आहे, इंजिन किती चालले याचे नाही. सकाळी नऊ वाजता केसनंद फाट्यावरून निघून खराडीपर्यंतचे सहा-सात किलोमीटर कापणाऱ्या मोटारसायकलीचे इंजिन पाऊण तास तापत असते, आणि पुढून वारा येत नसल्याने थंड होत नाही. मीटरवर नोंद मात्र सहा किलोमीटरचीच. उलट हीच गाडी रविवारी रांजणगावच्या गणपतीला जाऊन आली तर मीटर भरपूर पळते आणि ऑइलला त्यातले निम्मेही कष्ट पडत नाहीत. गाडीसोबतचा मीटर चालू असेल हे गृहीत धरून हे सर्व लिहिले आहे. प्रत्यक्षात जुन्या गाडीची मीटर केबल तुटलेली असते, आणि काटा कुठल्यातरी अत्यंत आश्वासक आकड्यावर कायमचा थांबलेला असतो.

वाघोलीची दुसरी देणगी धूळ. गावाभोवती काळ्या दगडाच्या खाणी आणि खडी क्रशर आहेत. खडीचे डंपर आणि पाण्याचे टँकर यांची ये-जा दिवसभर चालू, त्यात नव्या इमारतींचे काम. ही धूळ म्हणजे दळलेला बेसाल्ट. एअर फिल्टर फाटका असेल तर ती हवेबरोबर सिलिंडरमध्ये जाते, रिंगांवर घासते आणि ऑइलमध्ये उतरते. तिथून पुढे ते ऑइल वंगण न राहता पातळ पॉलिश पेपर होते. म्हणून ऑइलची निगा एअर फिल्टरपासून सुरू करावी. ऑइल बदलताना फिल्टर प्रत्येक वेळी उघडून पाहावा. कागदी असेल तर बदलावा. फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, हलके ऑइल लावून पिळून बसवावा. ही सगळी परिस्थिती ध्यानात घेता वाघोलीत दर अडीच-तीन हजार किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, ऑइल बदललेले बरे. तारीख सीटखाली कागदावर लिहून ठेवावी. दसरा ही एक तारीख म्हणून उत्तम आहे. त्या दिवशी गाडी तशीही धुतली जाते आणि झेंडूचा हार घालण्यापूर्वी डिपस्टिक पाहायला कोणत्याही परंपरेची आडकाठी नाही. मात्र दसऱ्यापासून दसऱ्यापर्यंत ही मुदत धरणारे भक्त गॅरेजवाल्यांना विशेष प्रिय असतात.

बदलण्याची कृती अशी. इंजिन कोमट करावे, फार तापवू नये. इंजिनाच्या पोटाखाली ड्रेन नट असतो. स्प्लेंडरला साधारण सतराचा पाना लागतो. खाली जुनी परात ठेवावी. ती घरातली वापरातली असू नये, हे वेगळे सांगण्याची गरज काही घरांत भासते. नट कोणत्या बाजूला सैल होतो हे गाडीखाली उलटे पडल्यावर हमखास विसरते; खालून नटाकडे तोंड करून पाहताना घड्याळाच्या उलट दिशा धरावी. वरचे झाकणही उघडे ठेवावे, ऑइल लवकर उतरते. शेवटचा थेंब पडेपर्यंत दहा मिनिटे थांबावे. या दहा मिनिटांत नटावरचा वायसर पाहावा. चेपून सपाट झालेला असेल तर नवा घालावा. काही रुपयांच्या या वायसरवर वाचवलेले पैसे पुढे थेंबाथेंबाने पार्किंगच्या फरशीवर पडतात.

नट परत बसवणे हा या विद्येतला सर्वांत नाजूक भाग. इंजिनाचे अंग ॲल्युमिनियमचे, नट पोलादाचा. तिरका चढवला किंवा दोन्ही हातांनी जोर लावून आवळला की आटे जातात. मग नवे आटे पाडण्यासाठी गाडी लेथवाल्याकडे न्यावी लागते आणि लेथवाला मालकाकडे ज्या नजरेने पाहतो ती सहन करावी लागते. नट प्रथम बोटांनी फिरवावा, बोटांनी फिरतो तोवर पाना हातात घेऊ नये. शेवटी पान्याने आवळून वायसर दबल्याचे जाणवले की थांबावे. पोरांना 'अजून थोडं' म्हणायची सवय असते, ती इथे नडते.

नवे ऑइल पुस्तिकेत किंवा इंजिनावर लिहिलेल्या मापानेच भरावे. डब्यात उरलेले शंभर मिली वाया कशाला घालवायचे म्हणून तेही आत ओतणे हा काटकसरीचा अत्यंत खर्चिक प्रकार आहे. जास्त झालेले ऑइल फिरत्या भागांनी घुसळून फेसाळते, सिलांवर दाब आणते आणि ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरमध्ये जाऊन बसते. उरलेले डब्यातच ठेवावे, टॉप-अपला लागते. स्प्लेंडरच्या इंजिनात ऑइल गाळायला धातूची जाळी आणि गरगर फिरून कचरा बाजूला फेकणारा रोटर असतो. ते साफ करायला उजवे कव्हर उघडावे लागते, तेव्हा ते काम गॅरेजवर सोपवावे. ज्या गाडीला कागदी ऑइल फिल्टर आहे तिचा फिल्टर ऑइलबरोबर बदलावा. शेवटी इंजिन दोन मिनिटे चालवून, थांबून, पातळी पुन्हा पाहावी.

आता परातीत लिटरभर काळे ऑइल उरले. वाघोलीत त्याला गिऱ्हाईक आहे. बांधकामावर सेंट्रिंगच्या प्लेटांना काँक्रीट चिकटू नये म्हणून जळके ऑइल फासतात. कोणी दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून मागतो, कोणी चेनवर ओततो. आणि ज्याला कोणीच भेटत नाही तो अंधार पडल्यावर ओढ्याकडे जातो. हा शेवटचा उपाय सर्वांत सोपा आणि सर्वांत गुन्हेगारी आहे. वापरलेले ऑइल 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत मोडते. 1 एप्रिल 2024 पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करून घेण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे. नवशिक्याने करायचे एवढेच: ऑइल झाकणबंद डब्यात भरून, ते गोळा करून विकणाऱ्या गॅरेजला द्यावे. नव्या ऑइलचा रिकामा डबा भोक पाडून टाकावा, नाहीतर तोच डबा भेसळीचे ऑइल पोटात घेऊन, नवे झाकण लावून दुकानात परत येऊ शकतो.

जुने इंजिन ऑइल पिते. हा त्याचा वयोमानाप्रमाणे आलेला स्वभाव आहे, व्यसन किती वाढले आहे ते मात्र मोजावे. दर रविवारी पातळी पाहावी, कमी असेल तर पन्नास-पन्नास मिली घालत वरच्या खुणेपर्यंत आणावी आणि किती घातले ते त्याच कागदावर लिहावे. हजार किलोमीटरला शंभर मिली लागत असेल तर इंजिनाला काही म्हणू नये. अर्धा लिटर लागत असेल तर फिटर ज्याला 'इंजिनकाम' म्हणतो ते निघाले आहे. सकाळी गाडी चालू करताना निळसर धूर येऊन थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्हची सिले गेली. ॲक्सिलरेटर पिळताच मागच्या माणसाला खोकला येत असेल तर रिंगा. हिवाळ्यातल्या सकाळी सायलेन्सरमधून निघणारी आणि लगेच विरणारी पांढरी वाफ नुसते पाणी असते, तिच्यासाठी गॅरेज गाठू नये. गळती शोधायला गाडीखाली रात्रभर पुठ्ठा ठेवावा. सकाळी डाग कुठे पडला त्यावरून ड्रेन नट, गिअर लिव्हरचे सील की कव्हरचे पॅकिंग हे कळते. शिवाय सोसायटीची नोटीस येण्याआधी पुरावा मालकाच्याच हाती लागतो.

1980च्या दशकात हिरो होंडाने सीडी 100 साठी 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' अशी जाहिरात केली. ती पेट्रोलच्या टाकीबद्दल होती. ग्राहकांनी ती ऑइललाही लावून घेतली आणि आजतागायत निष्ठेने पाळली.

चेनला नव्वद नंबरचे ऑइल लावावे, आधी मळ काढून, आणि मागचे चाक हाताने फिरवत. इंजिन चालू ठेवून लावणाऱ्यांची बोटे पूर्ण संख्येत राहतीलच असे नाही. जळके ऑइल चेनवर ओतू नये, त्यातला धातूचा कीस आणि काजळी चेन-स्प्रॉकेटला खाते. शॉकअपच्या ऑइलकडे नवशिक्याने लक्ष द्यायचे कारण एकच, पुढच्या पायपांवर दिसणारी ओली रेघ. ती दिसली की सील गेले. सील बदलताना दोन्ही पायांत सारखे आणि मोजून ऑइल भरून घ्यावे. हौसेने 1985 ते 1996 दरम्यानची यामाहा आरएक्स 100 घेतलेल्याला वरच्यातले बरेचसे लागू नाही. ते टू-स्ट्रोक इंजिन, त्याचे 2टी ऑइल वेगळ्या टाकीतून पंपाने जाऊन पेट्रोलबरोबर जळते, आणि गिअरबॉक्सचे ऑइल निराळे. तिथे निळा धूर हा रोग नसून प्रकृती आहे. डिस्क ब्रेक असलेल्या गाडीच्या हँडलवरच्या छोट्या डबीतला द्रव मात्र ऑइल नव्हे. तिच्या झाकणावर लिहिलेले डॉट 3 किंवा डॉट 4 ब्रेक फ्लुइडच तिला चालते. इंजिन ऑइल उरले म्हणून तिच्यात टाकल्यास रबरी सिले फुगतात आणि ब्रेक लागेनासा होतो, आणि नगर रस्त्यावर पुढचा डंपर ब्रेक लावताना मागच्याला विचारत नाही.